नुसतं मान खाली घालून बसण्यात कसली आलीय अ‍ॅक्टिंग?

मागची_सीट

मंडळी, प्रश्न साधाच आहे पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतेय.

रविवारी धाकट्या भावाला बळंबळं 'स्थळ' हा मुलगी बघण्याच्या कार्यक्रमांवरचा मराठी पिक्चर बघायला बसवलं. हा बाबा 'धुरंधर' थेटरात दोनदा बघून आलेला, साडेतीन तासांचा पिक्चर दोनदा म्हणजे सात तास झाले, आणि तेव्हापासून अक्षय खन्नाची ती अरबी गाण्यावर नाचत येण्याची नक्कल घरात, ऑफिसात, मावसबहिणीच्या हळदीत सगळीकडे करून झालीये. तर म्हटलं जरा आपल्या मातीतलं काहीतरी बघ. बसला बिचारा शेवटपर्यंत, मोबाईल दोनदाच हातात घेतला (त्याच्या मानाने हे खूप झालं) आणि संपल्यावर म्हणतो, "ताई, पिक्चर बरा आहे गं, पण त्या पोरीने काय अ‍ॅक्टिंग केली? नुसती मान खाली घालून बसली होती की."

मी तापले. म्हटलं थांब तुला सांगते, आणि सांगायला तोंड उघडलं तर शब्दच नाहीत. "अरे ती किती नॅचरल आहे" यापुढे गाडी जाईना. मला जे पोटात जाणवलं होतं ते त्याला पटेल असं एक वाक्य मला बोलता आलं नाही आणि तो विजयी मुद्रेने चहा करायला उठला.

मग रात्री पडल्या पडल्या विचार करत होते की गेल्या दोनेक वर्षांत जे काय बघितलं त्यातलं नक्की काय राहिलंय डोक्यात. 'लापता लेडीज'मधला रवी किशनचा पान चघळणारा इन्स्पेक्टर सगळ्यांना आठवतो, मलाही आठवतो, धमाल आहे तो. पण मला त्याच्याआधी स्टेशनवर टपरी चालवणारी छाया कदमची मंजूमाई आठवते. 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'मध्ये कनी कुसृती त्या जर्मनीहून आलेल्या राइस कुकरला रात्री जमिनीवर बसून मिठी मारते. नवऱ्याचं पत्र नाही, फोन नाही, नुसता कुकर. एक शब्द नाही त्या सीनमध्ये आणि मी थेटरात रुमाल शोधत होते. 'होमबाउंड'मध्ये विशाल जेठवाचा चंदन, भरतीच्या फॉर्ममध्ये आपली जात लपवणारा. त्या जागी त्याचा चेहरा जेवढा हलतो तेवढ्यात सगळं कळतं. हाच मुलगा 'मर्दानी २'मध्ये व्हिलन होता हे मला घरी आल्यावर कळलं, विश्वासच बसेना.

थोडक्यात माझ्या लिस्टमध्ये एकही मोठा डायलॉग नाही, एकही एंट्री नाही, स्लो मोशन तर नाहीच. आता हे वय झाल्याचं लक्षण आहे का खरंच त्यात काही आहे हे तुम्ही सांगा. मुख्य प्रश्न हा की गप्प राहून केलेला अभिनय आणि खरोखर काहीच न करणं यातला फरक ओळखायचा कसा? भावाला सांगण्याजोगं काहीतरी द्या. "तुला कळणार नाही" हे उत्तर नको, ते मी देऊन झालंय.

तिसरी_घंटा

मी हौशी रंगभूमीवर लुडबुड करणारा माणूस, राज्य नाट्य स्पर्धेत तीन-चारदा उभा राहिलोय, बक्षीस वगैरे काही नाही, तेव्हा तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

एका नाटकात मला म्हाताऱ्या काकांचं काम होतं, पहिल्या अंकात वीस मिनिटं खुर्चीत बसून राहायचं आणि बाकीचे भांडणार. वाक्यं एकूण दोन. मला वाटलं चला सोपं आहे. पहिल्या तालमीत मी प्रत्येक वाक्यावर काहीतरी करत होतो, भुवई उडव, सुस्कारा सोड, पंच्याने तोंड पूस. दिग्दर्शक बाई म्हणाल्या, "काका, रिअ‍ॅक्शन देऊ नका, ऐका." एवढंच. आणि मग कळलं की खरं ऐकणं हे जगातलं सगळ्यात कठीण काम आहे, कारण पुढचं वाक्य काय येणार हे पाठ असतं ना हो. चाळीस तालमींनंतर एक्केचाळिसाव्यांदा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचं. आणि हात! बोलत नसताना हातांचं काय करायचं हे देवाने माणसाला शिकवलेलं नाही.

तर तुमच्या भावाला एक खेळ शिकवा. कुठलाही सीन लावा आणि जो बोलतोय त्याच्याकडे बघूच नका, जो ऐकतोय त्याच्याकडे बघा. वाईट नट आपली पाळी यायची वाट बघत असतो, ते डोळ्यांत दिसतं, रांगेत उभ्या माणसासारखं. चांगल्याला आपली पाळी आहे हेच विसरायला झालेलं असतं.

उदाहरण द्यायचं तर 'किष्किंधा कांडम' नावाचा मल्याळम पिक्चर आहे २०२४चा. जंगलाला लागून घर, भोवती माकडं, सुनेच्या नजरेतून आपण सासऱ्याकडे बघत असतो. सासरा म्हणजे विजयराघवन, रिटायर्ड फौजी, तुसडा, खोलीत कोणाला येऊ देत नाही. हा माणूस काहीतरी लपवतोय हे दिसतं, पण काय ते विजयराघवन शेवटपर्यंत कळू देत नाहीत. पुन्हा बघाल तेव्हा कळेल की प्रत्येक थांबणं, प्रत्येक वैतागणं याला कारण होतं आणि ते पहिल्यांदा बघतानाही तिथेच होतं, आपल्याला दिसलं नाही. नट गप्प आहे पण रिकामा नाहीये, हा फरक. दोनदा बघून जो दुसऱ्यांदा जास्त देतो तो अभिनय, अशी माझी ढोबळ व्याख्या.

स्पष्टवक्ता_७

म्हणजे आता पिक्चर दोनदा बघायचा, त्यात बोलणाऱ्याकडे बघायचं नाही आणि तिकिटाचे पैसे आपणच द्यायचे. वा!

सिरियसली बोलायचं तर मला हे 'गप्प म्हणजे ग्रेट' प्रकरण थोडं फॅशनचं वाटतं. फेस्टिव्हलवाले पिक्चर असले की खिडकीतून बाहेर बघणारी बाई पाच मिनिटं दाखवायची आणि आपण म्हणायचं काय खोली आहे. कधी कधी ती नुसती खिडकीतून बाहेर बघत असते हो. भावाचा प्रश्न अगदीच चुकीचा नाहीये.

मालवणी_खाजा

स्पष्टवक्तांशी अर्धा सहमत. मी आवाजाच्या बाजूने बोलायला आलोय कारण या धाग्यावर त्याची बाजू घेणारं कोणी दिसत नाहीये.

आमच्याकडे कोकणात जत्रेला रात्री उशिरा दशावताराचं नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत. पेटी, मृदंग, झांज. आधी संकासूर राक्षस येऊन धिंगाणा घालणार आणि मग आख्यान. लिहिलेली संहिता नसते, कथा ठरलेली, संवाद तिथल्या तिथे उभ्याने. रंगरंगोटी ज्याची त्याने करायची, बायकांची कामंही पुरुषच करणार. आमच्याकडे म्हण आहे, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. समोर हजारभर माणसं, मागच्या बाजूला खाज्याची आणि भज्यांची दुकानं, पोरं रडतायत, अशा ठिकाणी तुम्ही 'खरं ऐकणं' करून बघा बरं. तिथे आवाज लागतो, पाय आपटावा लागतो, डोळे गरगर फिरवावे लागतात. तो खोटेपणा नाही, ती त्या कलेची भाषा आहे.

आता 'दशावतार' पिक्चर बघा. दिलीप प्रभावळकर, पिक्चर आला तेव्हा वय ८१. बाबुली मेस्त्री, नजर अधू होत चाललेला दशावतारी. मला जी गंमत वाटली ती ही की त्यांनी दोन्ही केलंय. तोंडाला रंग लागला की वेगळा माणूस, छाती बाहेर, आवाज खणखणीत, आणि रंग पुसून घरात मुलाशी बोलताना खांदे पडलेले, चाचपडत चालणं, आवाज असा की शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये. जो मोठ्याने करू शकतो त्याचंच हळू आपल्याला कळतं असं माझं मत. ज्यांनी 'हसवाफसवी'त एकाच नाटकात सहा माणसं उभी केली आणि 'चौकट राजा'त नंदू केला त्यांना आवाजाचा नॉब कुठे किती फिरवायचा हे कोणी सांगायला नको. गोष्ट पुढे जरा फिल्मी होते, उत्तरार्धात काही ठिकाणी मला ताणल्यासारखं वाटलं, पण ते म्हातारबा पडद्यावर आले की तक्रार बंद. थेटरात माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा पूर्णवेळ ताठ बसून होते, इंटर्व्हलला पण उठले नाहीत. नंतर कळलं की तरुणपणी ते पण दशावतारी कंपनीत होते, स्त्रीपार्टी करायचे.

आणि 'छावा'. शेवटच्या भागावर लोक म्हणतात की नुसता आरडाओरडा आहे. अहो साखळदंडात बांधलेल्या, हाल हाल होणाऱ्या माणसाने काय पुटपुटायचं? विकी कौशल आणि कवी कलश झालेला विनीत कुमार सिंग यांच्यात ते काव्यातलं बोलणं होतं तिथे माझ्या अंगावर काटा आला, मी लाजत नाही सांगायला. हाच विकी कौशल २०२१ च्या 'सरदार उधम'मध्ये जालियनवाला बागेच्या त्या रात्री जखमींना गाड्यावर घालून नेताना जवळजवळ काहीच बोलत नाही. दोन्ही त्यालाच जमतं. मग गप्पवालाच चांगला आणि ओरडणारा वाईट असं कसं?

कातरकाम

मी एडिटिंग करतो (जाहिराती, कॉर्पोरेट फिल्म, आणि खोटं कशाला बोला, लग्नाचे व्हिडिओ पण). इथे सगळे नटांनाच श्रेय देतायत म्हणून थोडं तेल ओततो.

एक जुना रशियन प्रयोग आहे, साधारण शंभर वर्षांपूर्वीचा. लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाच्या चेहऱ्याचा एकच शॉट घेतला, कसलेही भाव नसलेला, आणि तो वेगवेगळ्या गोष्टींना जोडला. एकदा सुपाची वाटी, एकदा शवपेटी, एकदा एक बाई. लोक म्हणाले काय नट आहे, भूक काय दाखवली, दुःख काय दाखवलं, वासना काय दाखवली. चेहरा तोच! म्हणजे गप्प चेहऱ्यात आपण आपलंच भरत असतो. तुमच्या भावाची शंका याच जातीची आहे. त्याने फक्त भरायला नकार दिला.

पण याची दुसरी बाजूही रोज टेबलावर बघतो. गप्प माणसाचा शॉट कापायचा कुठे हे नट ठरवतो. मुरलेल्या नटाचा क्लोजअप असला की तुम्ही कात्री घेऊन बसता आणि कापवतच नाही, अजून अर्धा सेकंद, अजून अर्धा, कारण काहीतरी चालू असतं आत. जाहिरातीतल्या हिरोचा तोच शॉट दीड सेकंदात शिळा होतो. मग काय करतात, बीजीएम म्हणजे पार्श्वसंगीत टाकतात. व्हायोलिन आलं की समजायचं चेहरा कमी पडला. हल्लीच्या बऱ्याच मोठ्या पिक्चरमध्ये हा रोग आहे, नटाला वाटायच्या आधी ढोल सांगून मोकळा, आणि आवाज एवढा की शेजारी बसलेल्या बायकोचं "पाणी दे" ऐकू येत नाही. चांगलं काम केलेल्या नटाचंही त्यात मातेरं होतं.

म्हणून मला 'साबर बोंडं' फार आवडला. रोहन कानवडेचा पहिला पिक्चर, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाला गेलेला पहिला मराठी सिनेमा आणि तिथलं परदेशी कथापटांतलं सर्वोच्च बक्षीस घेऊन आला २०२५ मध्ये. बीजीएम नाही. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी बसलेला. वडील गेलेत, मुंबईतला मुलगा गावी आलाय, दहा दिवस सुतकाचे नियम पाळायचेत आणि येणारा जाणारा प्रत्येक जण लग्नाचं विचारतोय. तो मुलगा झालेल्या भूषण मनोजला लपायला जागाच नाही, ना कट, ना व्हायोलिन. आणि तरी तो दिसतो. त्याचा गावातला लहानपणीचा मित्र बाळ्या झालेल्या सुरज सुमनच्या शेजारी नुसता बसला तरी त्याचे खांदे सैल होतात, घरात पाहुण्यांमध्ये परत आवळतात. भावाला फरक दाखवायचा असेल तर हे दाखवा, खांदे बघ म्हणावं.

वऱ्हाडी_ठेचा

नमस्कार. वाचनमात्र असते एरवी, पण 'स्थळ'चं नाव दिसलं म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड आठवायलाच दहा मिनिटं गेली.

मी पिक्चरमधल्या त्या भागातलीच, विदर्भातली. कापूसवाल्या बापाची पोरगी. आणि मागची_सीट ताई, मी तसल्या कार्यक्रमात एकूण नऊ वेळा बसलेली आहे. नऊ. समोर पुरुषांची रांग, मध्ये आपण, आणि तेच तेच, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवड काय, शेतातलं काम येते का. पिक्चरमध्ये हा सीन परत परत येतो तेव्हा थेटरात काही लोक हसत होते. मी पण हसली पहिल्यांदा. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझे तळहात ओले झाले होते.

तुमच्या भावाला सांगा की ते मान खाली घालून बसणं म्हणजे काही न करणं नसते. तिथे खूप काम चालू असते. मान किती खाली घालायची याचा हिशोब असते बाप्पा, जास्त खाली घातली तर "बोलत नाही का पोरगी" आणि वर केली तर "जास्तच शिकलेली दिसते". उत्तर देताना आवाज बाहेरच्या खोलीत ऐकू गेला पाहिजे पण मोठा वाटला नाही पाहिजे. उठताना पाठ कोणाकडे करायची नाही. पहिल्या वेळेला हे सगळं विचार करून करावं लागते, पाचव्या वेळेला आपोआप होते, आणि नवव्या वेळेला आतून काहीच वाटत नाही पण बाहेरून सेम करायचं असते. नंदिनी चिकटेने हे वेगवेगळं केलंय. पहिल्या स्थळाला जी सविता बसते ती शेवटच्या स्थळाला बसत नाही, कपडे तेच, प्रश्न तेच, बसणं वेगळं. आणि तिने आयुष्यात आधी सिनेमात काम केलेलं नव्हतं, बहुतेक सगळेच तिथले गावातले लोक आहेत, पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढे उभे राहिलेले.

आता खरा मुद्दा. ताई तुम्ही म्हणता भावाला अक्षय खन्ना आवडतो. मला पण आवडतो हो. पण तो नाच सोडला तर तो 'धुरंधर'मध्ये करतो काय? कमी बोलतो, हळू बोलतो, समोरच्याकडे बघत राहतो. 'छावा'त औरंगजेब झाला होता तेव्हा तर म्हातारा बसून विणकाम करतोय आणि तोंडातल्या तोंडात बोलतोय. तेव्हा सगळे म्हणाले, काय कंट्रोल आहे, नुसत्या डोळ्यांनी खाऊन टाकलं. म्हणजे भावाला गप्प अभिनय कळतो. चांगला कळतो. ओळखीचा, नावाजलेला माणूस गप्प बसला की तो कंट्रोल आणि गावाकडची सावळी, बुटकी, अनोळखी पोरगी गप्प बसली की तिने काही केलंच नाही, ती तशीच आहे. पाहायला आलेले लोक पण तेच समजतात हो, पोरगी तशीच आहे.

रागावून लिहिलं नाही. भावाला माझा नमस्कार सांगा.

तिसरी_घंटा

वऱ्हाडी_ठेचा, दंडवत. माझी खुर्चीवाली गोष्ट परत घेतो, वीस मिनिटं बसण्याचं कौतुक सांगत होतो मी.

सबटायटल_भरोसे

वरचा प्रतिसाद वाचल्यावर काही लिहू नये खरं तर. पण एक शंका बरेच दिवस आहे.

मी मल्याळम, तमिळ भरपूर बघतो, सगळं सबटायटलवर. आणि मला जवळपास प्रत्येक नट ग्रेट वाटतो. मग शंका येते की भाषा कळत नसल्यामुळे खोट ऐकूच येत नाही की काय. मराठीत कोणी कोल्हापूरचा म्हणून पुणेरी 'ळ' काढला की आपण लगेच पकडतो, तिकडे त्रिशूरचा का कोचीचा काय फरक कळतोय. 'ऑल वी इमॅजिन'मध्ये छाया कदमची पार्वती मराठी बोलते तेव्हा मला प्रत्येक शब्दाचं वजन कळत होतं. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी, गिरणी कामगाराची विधवा, खोलीचे कागद नाहीत म्हणून बिल्डर बाहेर काढतोय. त्या बिल्डरच्या होर्डिंगवर दोघी रात्री दगड मारतात ना, ते हसू मला आतून माहितीये, ती आमच्या चाळीतली बाई आहे. पण कनी कुसृतीच्या मल्याळमबद्दल मी नुसता अंदाज बांधतो.

छाया कदमबद्दल अजून एक. 'लापता लेडीज' आणि 'मडगाव एक्सप्रेस' दोन्ही मार्च २०२४ मध्ये आले. एकीकडे मंजूमाई आणि दुसरीकडे कंचन कोंबडी नावाची डॉन! एकाच महिन्यात. 'फँड्री'तली आई, 'न्यूड'मधली अक्का, सगळी तीच बाई आहे हे हिंदीवाल्यांना कान महोत्सवानंतर कळलं, आपल्याला आधीच माहीत होतं अशी एक फुकटची कॉलर मी ताठ करून घेतो.

मात्र सबटायटलचा मुद्दा 'मेय्यळगन'ला लागू नाही असं वाटतं. अरविंद स्वामी वीसेक वर्षांनी गावात लग्नाला जातो, तिथे कार्ती त्याला एवढा जीव लावतो, खाऊ घालतो, जुन्या गोष्टी सांगतो आणि ह्याला काही केल्या त्या माणसाचं नाव आठवत नाही. विचारायची लाज. रात्रभर. तो चेहरा समजायला तमिळ लागत नाही, लग्नात आपण सगळे कधी ना कधी तिथे उभे होतो. कार्ती अखंड बडबडतो आणि अरविंद स्वामी अखंड लाजतो, मालवणीभाऊ, तुमचा आवाज आणि आमचं गप्प दोन्ही एकाच फ्रेममध्ये.

मालवणी_खाजा

बरोबर. आणि आवाजवाल्यांत मल्याळम 'आवेशम'मधला गुंड रंगा, म्हणजे फहाद फासिल राहिलाच की. पांढरे कपडे, अंगभर सोनं, ओरडतो, रडतो, डम्ब शराड खेळतो, आणि तरी मध्येच एक क्षण असा येतो की हा रंगा किती एकटा आहे हे कळून पोटात खड्डा पडतो.

ठेचा ताई, तुमचं पटलं. माझ्या बहिणीचं आठवलं, असो.

स्पष्टवक्ता_७

मी खिडकीवाला विनोद मागे घेत नाही, पण 'स्थळ' बघितला नव्हता हे कबूल करतो. आज बघतो. पुरस्कारांबद्दल मात्र कोणीतरी बोला, मल्याळम 'उळ्ळोळुक्कु'मध्ये उर्वशीला सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार दिला. सहायक?! पुराचं पाणी ओसरेपर्यंत मुलाचा मृतदेह घरात ठेवून वाट बघणारी आई, सगळा पिक्चर ती आणि सुनेच्या कामातली पार्वती तिरुवोतु यांच्या खांद्यावर आहे. ती सहायक तर प्रमुख कोण, पाणी?

कातरकाम

पाणी पण चांगलं काम करतं त्यात :)

मागची_सीट

सगळ्यांचे आभार, आणि ठेचा ताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. मग घरात मोठ्याने वाचून दाखवला. आई भाजी निवडत होती. ती मध्येच म्हणाली "उठताना पाठ करायची नाही, अगदी बरोबर", आणि परत भाजी निवडायला लागली. मला माहितीच नव्हतं की तिलाही कोणी हे शिकवलेलं. तिला विचारलं किती स्थळं आली होती तुला, तर म्हणे चार, पाचवे तुझे बाबा, आणि त्यांनी काहीच विचारलं नाही कारण त्यांचे काका सगळं बोलत होते.

भाऊ ऐकत होता. आधी म्हणाला अक्षय खन्नाला यात ओढू नका. मग म्हणाला की पण आपल्याला काय माहीत ती पोरगी खऱ्या आयुष्यात तशीच असेल तर, मग अ‍ॅक्टिंग कुठे आली. मी म्हटलं तोच तर मुद्दा आहे ना, तुला ती पिक्चर संपेपर्यंत खरी वाटली, अजून वाटतेय. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं असं मला वाटलं, पण तो म्हणाला उत्तर आहे, आत्ता सुचत नाहीये. बरं झालं, आता दोघं सारखे झालो.

तिसरी_घंटा यांचा खेळ खेळून बघितला. 'लापता लेडीज' परत लावला आणि बोलणाऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. वीस मिनिटांत भाऊच ओरडला, "ताई ती मागची बघ, मागची बघ, तिला कोणी बघत नाहीये तरी ती करतेय!" गर्दीतली कोणीतरी होती, नाव पण माहीत नाही. त्यानंतर पिक्चरमधलं काही कळलं नाही कारण आम्ही दोघं कोपऱ्यातल्या माणसांनाच शोधत होतो.

पुढच्या रविवारी 'साबर बोंडं' ठरलाय, कातरकाम यांच्या भरवशावर. भावाची अट आहे की त्याच्या पुढच्या रविवारी मी त्याच्यासोबत 'धुरंधर' पूर्ण बघायचा, मध्ये उठायचं नाही. साडेतीन तास. खांदेच बघत बसेन म्हणते.

वऱ्हाडी_ठेचा

आईला पण नमस्कार सांगा. आणि भावाला विचारा, उंची किती? :)